टोन आणि हेल: ‘हो’ चार प्रकारे म्हणता येतं म्हणून मराठी टोनल होत नाही

‘मराठीसुद्धा टोनल भाषा आहे’, म्हणजे आवाजाच्या चढउताराने शब्दच बदलणारी भाषा, हे विधान मी इतक्यांदा ऐकलंय की त्यामागून येणारा पुरावाही पाठ झालाय. ‘हो’ घ्या. ‘हो!’ म्हणजे होकार. ‘हो?’ म्हणजे आश्चर्य. ‘हो हो’ म्हणजे कळलं, आता पुरे. आणि ‘होऽऽ’ म्हणजे कोणाला थापा मारतोस. एक शब्द, चार अर्थ. मग मँडरिनचं, म्हणजे चिनी लोकांच्या प्रमुख भाषेचं, एवढं कौतुक कशाला?

या चारही वेळा शब्द ‘हो’च असतो. बदलतो तो बोलणाऱ्याचा भाव. याला मराठीत हेल हा सुटसुटीत शब्द असताना लोक टोन का म्हणतात, मला कळत नाही. हेल म्हटलं की एखाद्या बोलीची लकब आठवते हे खरं, पण आवाजाची चढउतार प्रत्येकाच्या बोलण्यात असते. ‘तो आला.’ आणि ‘तो आला?’ यांत फरक तेवढाच. हा भाग तुम्ही रोज वापरता, समजावण्यासारखं त्यात काही नाही.

टोनची गोष्ट निराळी. हेल वाक्यावर पसरतो, टोन अक्षराला चिकटलेला असतो. ‘क’ किंवा ‘आ’ जितका शब्दाचा अवयव, तितकाच टोनही.

मँडरिनमधलं ‘माइ’ बघा. आवाज खाली दाबून मग वर आणत म्हटलं तर विकत घेणे. वरून सरळ खाली आपटलं तर विकणे. व्यवहारातले हे दोन उलटे शब्द, आणि मध्ये आडवा फक्त टोन. शिकायला लागलो तेव्हा मला एकदा ‘विकता?’ असं विचारायचं होतं. प्रश्न आहे म्हणून मराठी सवयीने शेवट उचलला. आता चढत्या आवाजातलं ‘माइ’ म्हणजे पुरणे, जमिनीत गाडणे. शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘कोणाला?’ मग मी जरा चिडून, ठासून ‘विकत घेतो’ म्हणालो. ठासताना आवाज खाली पडला आणि झालं ‘विकतो’. गोची नेमकी इथेच आहे. माझे टोन मला पाठ होते. पण प्रश्न आला की हेल वर, ठासायचं म्हटलं की हेल खाली, ही मराठी खोड शब्दाच्या पोटात शिरून शब्दच बदलत होती.

मग मँडरिन बोलणारे प्रश्न विचारतात कसे? एक तर शेवटी ‘मा’ हा प्रश्नार्थक शब्द जोडतात. आणि हो, हेल त्यांच्याकडेही असतो. टोनल भाषेत हेल नसतो, ही दुसऱ्या टोकाची चूक. प्रश्न विचारताना वाक्याची पट्टी वर सरकते, पण प्रत्येक अक्षराचा टोन त्या पट्टीत आपला आकार राखून असतो. भाषाशास्त्रज्ञ चाओ युआन-रेन यांनी याला मोठ्या लाटेवरच्या लहान लहरींची उपमा दिली. टोन आकड्यांत मांडायची पाच पायऱ्यांची पद्धतही त्यांचीच, 1930 सालची. तिच्यात मँडरिनचे चार टोन 55, 35, 214 आणि 51 असे लिहितात, म्हणजे आवाज कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर जातो ते. यातला 5 म्हणजे सा-रे-ग-म मधला ठरलेला स्वर नव्हे, ज्याच्या त्याच्या आवाजाची वरची कड. म्हणून आजोबांचं आणि नातीचं ‘माइ’ सारखंच ओळखू येतं. चिनी लोक गात गात बोलतात, हे वाक्यही त्यामुळे कृपया बंद करा.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. पंजाबी टोनल आहे आणि आपण तिचा टोन रोज कानाआड करतो. ‘पाजी’ (म्हणजे भाऊ, दादा) हा शब्द लिहिताना ‘भाजी’ असा लिहितात. शब्दाच्या सुरुवातीचे घ, झ, ढ, ध, भ तिथे क, च, ट, त, प सारखे झाले आणि गेलेल्या महाप्राणाची (त्यातल्या ‘ह’ची) भरपाई म्हणून पुढच्या स्वराला खालचा टोन आला. ‘घर’ आणि ‘कर’ या शब्दांत त्यामुळे भेद टोनचा. आपण तेवढा प ऐकतो, टोन सांडून टाकतो आणि मराठीत पाजी म्हणजे काय हे आठवून हसतो.

शंका आली तर शब्दकोश उघडावा. आश्चर्याच्या ‘हो?’ची वेगळी नोंद मराठी कोशात सहसा सापडणार नाही. माइ-माइच्या वेगळ्या नोंदी सापडतात, आणि चिन्हंही वेगळी.

मधली एक जागा आहे, ती नाकारत नाही. वैदिक संस्कृतात सहसा शब्दातलं एक अक्षर उदात्त, म्हणजे उंच आवाजातलं, असतं, आणि ते कुठलं यावर अर्थ फिरू शकतो. महाभाष्य या व्याकरणग्रंथात पतंजलींनी ‘इन्द्रशत्रु’चा दाखला दिलाय: शेवटचं अक्षर उदात्त तर इंद्राला मारणारा, पहिलं उदात्त तर इंद्र ज्याला मारणार तो. मंत्रात स्वर चुकला आणि इंद्राऐवजी त्याचा शत्रू वृत्रच मेला. हा हेल नव्हे, कारण शब्दाचा अर्थच बदलला. पण अक्षरागणिक टोनही नव्हे. याला स्वराघात म्हणावं.

‘टोन’ शब्दाचे उरलेले अर्थ पटकन. गिटारवाल्यांचा टोन म्हणजे नादाचा पोत, ज्यामुळे एकच सा सतारीचा की बासरीचा हे कळतं. पाश्चात्त्य संगीतात टोन म्हणजे अंतर, सा ते शुद्ध रे एवढं, पियानोवर 200 सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). चित्रकारांचा टोन म्हणजे बहुधा रंगाचा उजळ-गडदपणा. डॉक्टरांचा टोन म्हणजे आरामातही स्नायूत राहणारा ताण, आणि मला सर्वांत प्रामाणिक हाच वाटतो. ग्रीक ‘तोनोस’ म्हणजे ताणणे, तारेचा ताण. संस्कृत ‘तन्’ त्याच कुळातला. म्हणजे तान, ताण, तंतू ही सगळी टोनची भावंडं.

आणि ‘टोन कमी कर’? आवाज कमी करायचा, की बोलण्याचा रोख बदलायचा? मला एकदा भर वादात कोणी तसं सांगितलं. मी तेच वाक्य, तोच शब्द न् शब्द, अगदी हळू आवाजात पुन्हा म्हटलं. त्यानंतर आमचं आठवडाभर बोलणं नव्हतं.