गुडघ्याच्या ‘झिजे’मागचा इतिहास

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणतात, ‘‘गॅप कमी झालीय.’’ पेशंट घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘वंगण संपलं’ होतं आणि शेजारी कळेपर्यंत ‘गादी झिजली’. तिन्हींमागचं चित्र एकच, टायरसारखा घासून गेलेला गुडघा. गादी हा शब्दही आपण दोन वस्तूंना वापरतो: हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण म्हणजे कुर्चा, आणि दोन हाडांमधली चंद्रकोरीच्या आकाराची चकती म्हणजे मेनिस्कस. पुढच्या गोष्टीत दोन्ही येतात.

कुर्चा बरी होत नाही, हे विल्यम हंटरने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. तेव्हा तो पंचविशीत होता. एकदा नष्ट झालेली कुर्चा परत येत नाही, हे त्याचं निरीक्षण आजही बव्हंशी खरं आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, पेशी अगदी विरळ आणि बहुतांश वजन पाण्याचं. त्यामुळे वरवरची चीर दुखत नाही आणि भरूनही येत नाही. २०१६ मध्ये डॅनिश संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचा, माग गुडघ्याच्या कुर्चेत काढला. तिथलं कोलॅजन, म्हणजे कुर्चेचा सांगाडा बनवणारं प्रथिन, तरुणपणीच तयार होतं आणि नंतर जवळपास बदलत नाही, असं त्यांना दिसलं.

हाडाचा स्वभाव नेमका उलटा. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवत होता. पूल आणि क्रेन यांची गणितं करणारा अभियंता कार्ल कुलमान तिथे होता. हाडातल्या बारीक जाळीच्या रेघा त्याला आपल्या क्रेनमधल्या ताणाच्या रेघांसारख्या वाटल्या. पुढे बर्लिनच्या युलियुस वोल्फने १८९२ मध्ये नियमच मांडला: जसा भार, तसं हाड घडतं. एक थर दुरुस्त होत नाही आणि त्याच्याखालचा सतत स्वतःला बदलत राहतो, ही जोडीच सांध्याच्या दुखापतीत महत्त्वाची ठरते.

याचा पुरावा मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरून आला, आणि तोही चुकून. १८९७ मध्ये जॉन ब्लँड-सटनने मेनिस्कसला पायाच्या स्नायूचा निरुपयोगी अवशेष ठरवलं होतं. निरुपयोगी वस्तू फाटली तर काढून टाकायला काय हरकत? खेळाडूंच्या, खाणकामगारांच्या गुडघ्यातून ती सर्रास पूर्ण काढली जाई. माणूस महिन्या-दोन महिन्यांत चालू लागे आणि सगळे खूश असत.

१९४८ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद टी. जे. फेअरबँकने अशा १०७ पेशंटांचे एक्स-रे तपासले, काहींचे तर शस्त्रक्रियेनंतर चौदा वर्षांपर्यंतचे. जिथून चकती काढली होती त्याच बाजूला मांडीच्या हाडाच्या कडेला नवा उंचवटा आलेला, हाडाची गोलाई चपटी झालेली आणि मधली फट अरुंद. भाषा त्याची फार सावध आहे, पण अर्थ स्पष्ट होता: चकती भार वाटून घेत होती. ती गेल्यावर तोच भार लहानशा जागेवर पडू लागला आणि हाड वोल्फच्या नियमाप्रमाणे बदललं.

१९७० च्या दशकात अमेरिकेत एरिक रॅडिनने उलटा प्रश्न विचारला: कुर्चेखालचं हाड आधी कडक होत असेल तर? धक्के सोसणारं हाड टणक झालं की मार कुर्चेवर येतो. सुरुवात वरून की खालून, यावर वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते प्रत्येक गुडघ्याचं उत्तर एक नसावं. कबड्डीत एखाद्या पोराच्या मुरगळलेल्या गुडघ्यात लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटतं तेव्हा एमआरआयवर हाडाच्या आतला मुका मार अनेकदा दिसतो, तर वरची कुर्चा अखंड वाटते. पण त्या धक्क्यात तिच्यातल्या काही पेशी मेलेल्या असू शकतात. एक्स-रेवरचा बदल उगवायला पुढे वर्षं लागतात, तोवर तो पोरगा चाळिशीत गेलेला असतो.

दुरुस्तीचे प्रयत्नही या जोडीभोवतीच फिरले. ब्रिस्टलच्या प्रिडीने १९५९ मध्ये कुर्चेखालच्या हाडाला भोकं पाडली, म्हणजे रक्त वर येऊन जखम भरेल. भरली, पण मूळ कुर्चेपेक्षा कमी टिकाऊ तंतुमय ऊतीने. १९९४ मध्ये स्वीडनमधून २३ पेशंटांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात पेशंटच्याच कुर्चेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवल्या होत्या.

आणि मेनिस्कस? आता शक्य असेल तिथे ती काढत नाहीत, शिवतात. एडिंबराच्या थॉमस अ‍ॅनन्डेलने एका खाणकामगाराच्या गुडघ्यात असे टाके १८८३ मध्येच घातले होते.