मीटरच चुकला, तर ब्लॉकचेन काय करणार?

‘आमची हरित बचत ब्लॉकचेनवर नोंदवलेली आहे’ असं कंपनीनं जाहीर केलं, की वीजबचत सिद्धच झाली असं अनेकांना वाटतं. पण ब्लॉकचेन म्हणजे एकदा लिहिलं की गुपचूप बदलता न येणारी डिजिटल नोंदवही; तिला कारखाना दिसत नाही, फक्त आकडा दिसतो.

आकड्याला एवढं महत्त्व येतं ते कर्जामुळे. कमी वीज खाणारी भट्टी विकसित करायची तर बराच पैसा संशोधनात आणि चाचण्यांत जातो, आणि फसलेली चाचणी काही तारण ठेवता येत नाही. म्हणून व्याजदरच कामगिरीशी बांधायची पद्धत आली. 2017 मध्ये फिलिप्सनं 100 कोटी युरोची अशी कर्जसोय घेतली. तिचा दर कंपनीच्या शाश्वतता-मानांकनानुसार खालीवर होणार होता. इटलीच्या एनेल या वीज कंपनीचं 2023 चं उद्दिष्ट होतं विजेच्या प्रति युनिट 148 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. आकडा 160 वर राहिला आणि संबंधित रोख्यांवरचं व्याज 0.25 टक्क्यानं वाढलं. 100 कोटींवर हे वर्षाला 25 लाख होतात.

आता बचत मोजायची कशी? समजा, यंत्रं नुसती चालू ठेवायलाच कारखान्याला महिन्याला 2,00,000 युनिट लागतात आणि वर प्रत्येक टनामागे 400. 1,000 टनांना 6,00,000 युनिट झाले. पुढच्या महिन्यात मागणी घटून 800 टनच माल निघाला, वीज लागली 5,20,000. एकूण वीज बघणारा म्हणेल, 80,000 युनिट वाचले. टनामागचा हिशेब करणारा म्हणेल, विजेचा खप टनाला 600 वरून 650 झाला, कामगिरी बिघडली. दोघंही चुकले, कारण यंत्रणेत काहीच बदललेलं नाही. म्हणून आधी किमान वर्षभराच्या नोंदींवरून स्थिर भाग आणि टनामागचा भाग वेगळे काढायचे, मग त्या उत्पादनाला अपेक्षित असलेल्या विजेशी प्रत्यक्ष खप ताडून बघायचा.

आता ब्लॉकचेनचं काम. समजा, वीजमीटरचं रीडिंग दर 15 मिनिटांनी नोंदवलं, म्हणजे दिवसाला 96. प्रत्येकाचा हॅश, म्हणजे त्या नोंदीवरून गणितानं काढलेला ठसा, काढताना आधीचा हॅशही त्यात मिसळतात, त्यामुळे मागचा एक अंक बदलला तरी पुढची सगळी साखळी जुळेनाशी होते. हे खरोखर सुंदर आहे. पण त्यातून एवढंच कळतं, की नोंद झाल्यावर आकड्याला कुणी हात लावलेला नाही.

खरी गंमत विजेच्या पॅनेलमध्ये होते. मोठा प्रवाह थेट मीटरमधून जात नाही. तिन्ही फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, बसवलेले असतात; ते प्रवाह ठरलेल्या प्रमाणात कमी करून मीटरला देतात. नवी भट्टी जोडताना एक सीटी काढला आणि परत बसवताना उलटा बसला, तर दिशा धरून बेरीज करणारा मीटर त्या फेजची वीज वजा धरतो. भार समान असेल तर तीनऐवजी एक अधिक एक वजा एक, म्हणजे एकच. नवी भट्टी सुरू झाल्या दिवसापासून खप एकतृतीयांश! हॅश बिनचूक, व्याजदर कमी, आणि सगळे खूश.

200/5 चा, म्हणजे 200 अँपिअरचे 5 करणारा, सीटी असताना मीटरमध्ये 100/5 भरलं, तरी आकडा निम्मा येतो. ही चूक तिन्ही फेजमध्ये सारखीच पसरत असल्यानं घरबसल्या सापडत नाही; तारेभोवती चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर लावून प्रत्यक्ष प्रवाह तपासावा लागतो. उलटा सीटी मात्र दुरूनही पकडता येतो, पण कर्ज देणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला तिन्ही फेजची रीडिंग वेगवेगळी मिळत असतील तरच. फक्त बेरीज पाठवली, तर तो उणे आकडा पॅनेलमध्येच जिरतो.