सेवक आणि दास: मार्कच्या दहाव्या अध्यायातले दोन शब्द

बायबलातल्या मार्ककृत शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे शिष्य येशूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागतात, बाकीचे दहा शिष्य चिडतात, आणि मग येशू सत्तेविषयी बोलतो (मार्क 10:42–45). परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. मोठे व्हायचे असेल त्याने तुमचा सेवक व्हावे, पहिले व्हायचे असेल त्याने सर्वांचा दास व्हावे. प्रवचनात हे दोन शब्द बहुतेक वेळा एकाच अर्थाने वाचले जातात. मूळ ग्रीकमध्ये ते वेगळे आहेत. तो फरक पुसला की उताऱ्याची धारच जाते.

‘सेवक’साठी मूळ शब्द आहे दियाकोनोस. हा कामाचा शब्द आहे: पंगतीत वाढणारा, निरोप पोहोचवणारा, सोपवलेली जबाबदारी पार पाडणारा. तो स्वतंत्र माणूसही असू शकतो. काना गावच्या लग्नात रांजण भरणारे दियाकोनोस आहेत आणि किंख्रियाच्या मंडळीतली, म्हणजे तिथल्या चर्चमधली, फिबीही दियाकोनोस आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (13:4) तर प्रेषित पौल राज्यकर्त्यालाच देवाचा दियाकोनोस म्हणतो. म्हणजे या शब्दात अधिकार मावतो, पण तो दुसऱ्याने दिलेला असतो आणि त्याचा हिशोब द्यावा लागतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौल मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, पैशांवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8:19–21). आजच्या मंडळीतही सेवेची पहिली खूण हीच धरावी: हिशोबाच्या वह्या कोण तपासतो, आणि त्या तपासणाऱ्याची निवड पाळकाने केली की मंडळीने?

‘दास’ म्हणजे दूलोस. हा मालकीचा शब्द. दूलोस विकत घेता येतो, विकता येतो, आणि त्याचे शरीर व वेळ कायद्याने धन्याचे असतात. इथे मराठी कानाची अडचण होते. आपल्याकडे संतांनी आणि भक्तांनी ‘दास’ हा शब्द मायेने, अभिमानाने मिरवला. त्यात देवाजवळची जागा ऐकू येते. मार्कच्या पहिल्या वाचकांना त्यात बाजार ऐकू येत होता. अर्थाने ‘गुलाम’ जास्त जवळचा.

त्यामुळे 43व्या वचनाकडून 44व्याकडे जाताना येशू तेच पुन्हा सांगत नाही, तो पुढची पायरी उतरतो. ‘तुमचा’ सेवक, पण ‘सर्वांचा’ दास. ही उतरण किती खोल आहे ते जुन्या करारातला 1 शमुवेल 8 हा अध्याय शेजारी ठेवला की कळते. इस्राएलचे लोक राजा मागतात तेव्हा संदेष्टा शमुवेल सांगतो की राजा तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेते घेईल, धान्याचा आणि कळपांचा दहावा हिस्सा घेईल, आणि शेवटी तुम्ही त्याचे दास व्हाल. जुलमी सत्तेची चाल अशी, वरच्या एकासाठी सगळे दास. मार्कमध्ये ती उलटते आणि पहिला असलेला एक जण सगळ्यांचा दास होतो.

चूक होते ती आज्ञा कोणाला दिली आहे हे विसरल्याने. दास होण्याचे हे बोलणे पहिल्या जागेवर डोळा असलेल्याला उद्देशून आहे. तेच वचन मार खाणाऱ्या बायकोला किंवा पगार अडकलेल्या चर्चच्या शिपायाला ऐकवणे म्हणजे त्याचा उलटा वापर आहे. पौल तर स्पष्ट सांगतो: तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, माणसांचे दास होऊ नका (1 करिंथ 7:23). दुसरी चूक नावाची. लूक 22:25 मध्ये येशू म्हणतो की सत्ता गाजवणाऱ्यांना उपकारकर्ते म्हणतात. इजिप्तचा तिसरा टॉलेमी तर ‘उपकारकर्ता’ ही पदवीच लावत असे. स्वतःला सेवक म्हणवून घेतल्याने सत्तेचे वागणे बदलत नाही.

‘पहिल्याने सर्वांचा दास व्हावे’ हे निव्वळ नम्रतेचे सूत्र का नाही, ते 45व्या वचनात दिसते. तिथे येशू पुष्कळांसाठी आपला जीव ‘लुत्रोन’ म्हणून देतो. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी भरलेली रक्कम म्हणजे लुत्रोन. मराठी बायबलात इथे ‘खंडणी’ आहे, आणि आज तो शब्द ऐकला की धमकावून पैसे उकळणारा गुंड आठवतो. मग ही खंडणी घेतली कोणी, असा प्रश्न पडतो. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या ख्रिस्ती धर्मपंडितालाही तो पडला होता. सैतानाला ती मिळाली ही कल्पना त्याने ठामपणे नाकारली. खंडणी घेणाऱ्याचे नाव हे वचन सांगत नाही. देणारा कोण आणि सुटले कोण, एवढेच सांगते. दासाच्या जागी जाऊन उभा राहिलेला धनी दासांच्या सुटकेचे मोल स्वतःच्या जिवाने भरतो.