धैर्य आणि आवेश: साक्षीच्या वेळी होणारी गल्लत

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांपुढे उठून सांगण्याची वेळ आली की मला अलीकडे धास्ती वाटते. कुणीतरी उठून सांगतं, ऑफिसात मी सगळ्यांसमोर ठणकावून बोललो, त्यांनी तोंडं वाकडी केली, पण मी मागे हटलो नाही. मंडळी 'आमेन' म्हणते. मागच्या बाकावरची कॉलेजातली मुलं मात्र माना खाली घालतात. आपल्याला असं जमत नाही, म्हणजे आपला विश्वासच कच्चा, असं त्यांना वाटतं. त्या मुलांसाठी हे लिहितेय. बाळांनो, तुम्ही ऐकलंत त्यातलं बरंचसं धैर्य नव्हतं. तो आवेश होता. आणि ही गल्लत आमच्या मंडळ्यांमध्ये मी इतक्या वर्षांपासून ऐकतेय की आता गप्प बसवत नाही.

आवेश म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायला नको. शिबिराच्या शेवटच्या रात्री कॉयर टिपेला पोचतो, डोळे भरून येतात आणि उद्यापासून जग बदलून टाकू असं वाटतं, तो आवेश. मी त्याच्या विरोधात नाही. येशूच्या मागे जायचा माझा पहिला निर्णय अशाच एका रात्री झाला. आवाज मोठा की लहान, स्वभाव बोलका की अबोल, गाडीच्या काचेवर क्रूस आहे की नाही, यांवरून काही ठरत नाही. येशूसाठी पहिला हुतात्मा झालेला स्तेफन यहुदी धर्मसभेपुढे चांगला घणाघाती बोलला, आणि त्याच्या धैर्याबद्दल कुणी शंका घेणार नाही. तेव्हा आवाजाचा मुद्दा इथेच सोडून देऊ.

गल्लतीचं एक मूळ शब्दात आहे. 'धैर्य' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तलवार येते, गड येतो, खिंड येते. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांचं धैर्य पाहून धर्मसभा थक्क झाली असं आपण वाचतो, तेव्हा तिथे मूळ ग्रीक शब्द आहे 'पार्रेसिया'. त्याचा अर्थ सगळं बोलणं, आडपडदा न ठेवता बोलणं. अथेन्सचा नागरिक सभेत उभा राहून मोकळेपणी बोलू शकायचा, त्या मोकळिकीसाठी हा शब्द वापरत. त्यात तलवार कुठेच नाही. प्रेषितांच्या कृत्यांचं पुस्तक संपतं त्या शेवटच्या वचनातही हाच शब्द आहे, आणि तिथलं दृश्य काय आहे? रोममध्ये एक भाड्याचं घर, पहाऱ्यात असलेला प्रेषित पौल, येईल त्याचं स्वागत, आणि मोकळं बोलणं. दोन वर्षं हेच चाललं होतं.

तलवारीचंच म्हणाल तर ती पेत्राकडे होती. येशूला पकडायला लोक आले तेव्हा बागेत त्याने ती उपसली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा उजवा कान कापला. समोर शिपाई आणि मशाली, बाजूला सोबती, शिवाय गुरू बघतोय. त्या क्षणी पेत्र मरायलाही तयार असेल. त्याच रात्री, वाड्याच्या दाराशी, एका दासीने त्याला साधा प्रश्न विचारला: तूही त्याच्या शिष्यांपैकी ना? तो म्हणाला, मी नव्हे. मग थंडी होती म्हणून तो कोळशाच्या विस्तवाशी चाकरांबरोबर शेकत उभा राहिला. सैनिकांपुढे टिकलेला माणूस दारावरच्या मुलीपुढे कोसळला. धैर्य आणि आवेश यांतला फरक मला एकाच गोष्टीतून शिकवायचा असेल तर मी हीच रात्र सांगेन. शिबिरातले आपण सगळे बागेतले पेत्र असतो. आपल्या आठवड्यात मात्र बाग क्वचित येते. विस्तव रोज येतो.

आता खरी अडचण. लोक ज्यात हमखास चुकतात ते हे आहे: 'मला त्रास झाला, म्हणजे मी धैर्य दाखवलं.'

माझ्या माहितीतल्या एका सोसायटीत एका कुटुंबाकडे प्रार्थनासभा होती. स्पीकर लावला होता, खिडक्या उघड्या होत्या, रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. खालच्या मजल्यावर दहावीची मुलगी, दोन दिवसांवर पेपर. तिचे वडील दोनदा वर येऊन हात जोडून सांगून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी पोलिसांना फोन केला. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर लावायला बंदी आहे, सवलतीचे थोडे ठरावीक दिवस सोडले तर ती गणपतीच्या मांडवालाही आहे. पोलीस आले, स्पीकर बंद झाला. पुढच्या रविवारी साक्ष झाली: आमच्यावर छळ आला, पण आम्ही डगमगलो नाही. मंडळीने टाळ्या वाजवल्या. मी त्या मुलीचा विचार करत बसले होते.

हाच पेत्र पुढे आपल्या पहिल्या पत्रात याबद्दल अगदी स्पष्ट लिहितो. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावं लागलं तर लाज वाटू देऊ नका. पण खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कुणी दुःख सोसू नये. खुनी आणि चोर यांच्या पंगतीला त्याने नाक खुपसणाऱ्याला बसवलंय! दासाचा कान कापून बसलेल्या माणसाने हे लिहिलंय, म्हणून मला ते जास्त पटतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वचनही आपण अर्धंच पाठ करतो. लोक तुमची निंदा करतील, छळ करतील तेव्हा तुम्ही धन्य, एवढं आपल्याला आठवतं. त्यात दोन अटी आहेत: ती निंदा खोटी असली पाहिजे, आणि 'माझ्यामुळे' झालेली असली पाहिजे. साडेदहा वाजता स्पीकर लावला ही तक्रार खोटी नव्हती, आणि ती येशूमुळेही नव्हती.

त्रास हा पुरावा धरायचा नाही, तर मग बघायचं काय? मी एक गोष्ट बघते: किंमत कोण मोजतंय. धैर्यात ती बोलणारा मोजतो. आवेशात बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या खिशातून जाते. कधी शेजाऱ्याच्या झोपेतून, कधी बायको-मुलांच्या वाट्याला आलेल्या अबोल्यातून, कधी त्याच ऑफिसात निमूटपणे काम करणाऱ्या दुसऱ्या ख्रिस्ती माणसाच्या अडचणीतून.

माझी मावशी नर्स होती. एका रात्री वॉर्डात गडबड झाली आणि एका पेशंटचं दहाचं इंजेक्शन बारा चाळीसला दिलं गेलं. वरिष्ठ म्हणाले, सिस्टर, चार्टवर दहाच टाका, कशाला वाढवायचं? तिने बारा चाळीस लिहिलं आणि खाली सही केली. काही बोलली नाही, वचन ऐकवलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने तिला सलग रात्रपाळ्या लागत राहिल्या. आम्हाला हे कळलं ते ती निवृत्त झाल्यावर, तेही दुसरंच काही बोलताना. मी विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटली ना. हात कापत होता, तो आकडासुद्धा धड आला नाही." तिने मंडळीत याची साक्ष कधीच दिली नाही. तिच्या लेखी ते औषध बारा चाळीसलाच दिलं गेलं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

तो कापणारा हात लक्षात ठेवा. धैर्य म्हणजे भीती नसणं, हीसुद्धा आवेशानेच पसरवलेली समजूत आहे. पौल करिंथकरांना लिहितो की मी तुमच्याकडे आलो तो अशक्त, भ्यालेला, थरथर कापत आलो. इफिसकरांना तो विनवतो की मला धैर्याने बोलता यावं म्हणून प्रार्थना करा. ज्याच्याकडे ते मुबलक आहे तो माणूस असं मागणार नाही. तीमथ्य या तरुण सहकाऱ्याला त्याने लिहिलेलं वचन तरुण संघाच्या टी-शर्टवर असतं: देवाने आपल्याला भित्रेपणाचा नव्हे, तर सामर्थ्याचा आत्मा दिला. टी-शर्टवर जागा पुरत नाही म्हणून असेल, पण वचन तिथे संपत नाही. पुढे प्रीती आणि संयम आहेत. ते दोन शब्द गाळून उरलेलं वचन आवेशाचं होतं, आणि असं अर्धं छापणं मला अजिबात खपत नाही.

किंमत कोण मोजतंय, या प्रश्नाचं उत्तर दरवेळी इतकं सरळ मिळत नाही, हेही सांगायला हवं. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन ही शाळा उघडली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला हलवली. तिथे धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडं ठेवून करत, आणि मुली आत येऊन बसत. पुण्यात गदारोळ झाला. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या दाराची किंमत रमाबाईंनी मोजली, आणि परत नेलेल्या विधवा मुलींनीही मोजली. मी रमाबाईंच्या बाजूची आहे. स्वतःच्या घरात देवाचं नाव घेण्यासाठी दार लावून घ्यायला मी त्यांना सांगू शकले नसते. पण भांडारकरांना वाटलेला विश्वासभंग खोटा होता, असंही मला म्हणवत नाही. याच रमाबाई इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही शाकाहारी राहिल्या आणि ज्यांच्या आश्रयाला होत्या त्यांच्याशीच धर्मसिद्धांतांवरून वाद घालत राहिल्या. आपल्या माणसांपुढेही त्या मोकळं बोलल्या, म्हणून त्यांच्या उघड्या दाराला मी आवेश म्हणत नाही.

उघड्या दारावरून बायबलमधल्या दानिएलाची खिडकी आठवतेच. तीस दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागायचं नाही असा हुकूम निघाला. दानिएल घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या खिडक्यांपाशी त्याने दिवसातून तीनदा गुडघे टेकले, पूर्वी करत होता तसेच. हे 'पूर्वीप्रमाणे' संडे स्कूलमध्ये आम्हाला कुणी ठासून शिकवलं नाही, सगळा भर त्याला पुढे ज्यांच्यापुढे टाकलं त्या सिंहांवर असायचा. हुकूम निघाला म्हणून त्याने नवी खिडकी पाडली नाही, आणि होती ती लावूनही घेतली नाही. भिडस्त माणसासाठी यात केवढा दिलासा आहे! तुम्हाला उद्या काही वेगळं, जगाला दिसेल असं करायचं नाहीये. जे करता ते लपवायचं नाही, एवढंच.

मी माझी खिडकी बरीच वर्षं लावून घेतली होती. आमचं आडनाव नगरकडचं, चारचौघांसारखं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. पुण्यात नोकरीला लागल्यापासून डिसेंबरच्या रजेच्या अर्जावर मी 'गावी घरगुती काम' असं लिहायचे. एकदा चहाच्या टपरीवर विषय निघाला आणि एक सहकारी सहज म्हणाला, हे लोक काय, पोतंभर तांदळासाठी धर्म बदलतात. बाकीचे हसले. मी कागदी कपाचा काठ नखाने सोलत उभी राहिले. माझ्या पणजोबांनी कशासाठी काय काय सोडलं हे मला माहीत होतं, आणि तरी मी बोलले नाही. मला तर कुणी प्रश्नही विचारला नव्हता.

त्या रात्री माझ्या मनात एक लांबलचक मेसेज तयार झाला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला. वचनांसकट. तो टाकला असता तर मंडळीत टाळ्या मिळाल्या असत्या आणि तो माणूस तीस जणांसमोर उघडा पडला असता. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला एकट्याला गाठलं आणि म्हटलं, मी ख्रिस्ती आहे, परवाच बोलायला हवं होतं, बोलले नाही. माझं तोंड कोरडं पडलं होतं. तो ओशाळला, मग त्याने विचारलं, तुमच्याकडे आडनाव बदलत नाहीत का? अर्धा तास बोललो. विचारेल त्याला आपल्या आशेबद्दल उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि भीड राखून, असं पेत्र का सांगतो ते तेव्हा कळलं. त्या वर्षी अर्जावर 'नाताळ' लिहिलं.

प्रसादाचं काय, आरतीला उभं राहायचं का, हे मला मुलं नेहमी विचारतात. पौलाने करिंथकरांना मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल सविस्तर लिहिलंय, ते पूर्ण वाचा आणि आपल्या विवेकाशी प्रामाणिक राहा. काहीही ठरवलंत तरी प्रसाद देणाऱ्या काकूंचा हात झिडकारू नका, एवढंच माझं मागणं. त्यापेक्षा अवघड जागा आपल्याच घरात आहेत. मुलीसाठी स्थळ आलं की हळूच 'मूळचे कोण?' असं विचारलं जातं, तिथे 'हा प्रश्न आपल्यात नको' असं मामांना सांगून बघा. शंभर लोकांपुढे साक्ष देणाऱ्यांची वाचा मी तिथे बसलेली पाहिली आहे.

हे धैर्य मिळतं कुठून? आवेश तापवावा लागतो आणि सोमवारपर्यंत निवतो. धैर्य सवयीतून आणि सोबतीतून येतं. पेत्र आणि योहान धमक्या घेऊन सुटले तेव्हा ते सरळ आपल्या लोकांकडे गेले, काय झालं ते सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. धमक्या थांबव असं ते म्हणाले नाहीत, शत्रूंना धडा शिकव असंही नाही. त्यांनी धैर्याने बोलता यावं असं मागितलं. म्हणजे ज्यांचं धैर्य पाहून अख्खी सभा थक्क झाली होती, त्यांनाच ते पुन्हा मागावं लागलं. तेही एकेकट्याने नाही.

आमच्या तरुण संघात पुढच्या शनिवारी मी अर्धा तास मागून घेतलाय. कॉयर नाही, माइक नाही. तिघातिघांनी बसायचं, आणि या आठवड्यात आपण कोणत्या विस्तवाशी शेकत गप्प राहिलो ती एक जागा बाकीच्या दोघांना सांगायची. ऑफिस, हॉस्टेल, व्हॉट्सॲप ग्रुप, आजोळ, काहीही. मग त्या दोघांनी नाव घेऊन त्या एका जागेसाठी प्रार्थना करायची, आणि पुढच्या शनिवारी विचारायचं, काय झालं.