क्‌-ॲ-ट्‌ ते कॅट

पाच-सहा वर्षांचं मूल ‘कॅट’ हा शब्द वाचताना अडखळतं, एकेक अक्षर जुळवत बसतं. शेजारच्या मोठ्या माणसाचा धीर सुटतो आणि तो शब्द सांगून मोकळा होतो. पण पुढे येणारी वाचनाची गती त्या जुळवाजुळवीतूनच तयार होत असते.

बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं, वाचणं मात्र शिकवावं लागतं. लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची, त्यामुळे मेंदूत तिच्यासाठी जन्मजात जागा नाही. चेहरे, वस्तू ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा वाचायला शिकताना अक्षरांच्या कामाला लागतो. मग मूल शब्दांची चित्रं पाठ करतं का? नाही. लिनिया एरी या अमेरिकन संशोधिकेच्या मांडणीनुसार शब्दातली अक्षरं त्यांच्या उच्चारांशी आणि अर्थाशी घट्ट बांधली गेली, की तो शब्द स्मरणात बसतो. असं काही वेळा नीट जुळलं की पुढच्या खेपेला जुळवावं लागत नाही, शब्द दिसताक्षणी कळतो. अक्षरांवरचं लक्ष मोकळं होतं आणि अर्थाकडे वळतं.

मराठी कानाला इथे एक अडचण येते. आपल्या ‘क’मध्ये ‘अ’ मुरलेला असतो. त्यामुळे शिकवणारे सर्रास ‘क-ॲ-ट’ म्हणतात, आणि मूल प्रामाणिकपणे ते जोडून ‘कअॅटअ’ असं काहीतरी म्हणतं. चूक त्याची नाही. उच्चार पाय मोडून, ‘क्‌-ॲ-ट्‌’ असे हवेत. ‘स्‌’, ‘म्‌’ लांबवता येतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केलेली बरी.

स्पेलिंग म्हणजे हेच काम उलट्या दिशेने. ऐकलेला शब्द सुटा करायचा आणि प्रत्येक तुकड्याला अक्षर शोधायचं. चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांची स्वतः रचलेली स्पेलिंगं तपासली, तेव्हा ‘ट्र’ने सुरू होणारे शब्द काही मुलं ‘सीएचआर’ने लिहीत असल्याचं दिसलं. त्यांच्या तोंडचा ‘ट्र’ खरोखरच ‘च्र’कडे झुकतो! लाल शाईने खोडण्याआधी अशा चुका वाचून पाहाव्यात. मुलाला काय ऐकू येतंय ते त्यात दिसतं.

इंग्रजीत अक्षरं २६ आणि उच्चार सुमारे ४४, त्यामुळे ‘सेड’, ‘वन’ असे आडमुठे शब्द येणारच. पण त्यांच्यातही सगळंच आडमुठं नसतं: ‘सेड’मधले ‘एस’ आणि ‘डी’ नियमानेच वागतात, मधली ‘एआय’ ही जोडी तेवढी लक्षात ठेवायची. चित्र बघून शब्दाचा अंदाज बांधायला लावणं मला मात्र घातक वाटतं, कारण मुलाची नजर अक्षरांवरून उठते.

अमेरिकेतल्या ‘नॅशनल रीडिंग पॅनेल’ने २००० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. क्रमवार फोनिक्सचा, म्हणजे अक्षरं आणि उच्चार यांची सांगड पायरीपायरीने शिकवण्याचा, फायदा सुरुवातीच्या इयत्तांत ठळक होता. मोठ्या मुलांच्या स्पेलिंगमध्ये तो तसा दिसला नाही. ओघवत्या वाचनासाठी, कोणी चुका सुधारायला असताना तोच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणं उपयोगी ठरलं.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांना ४० शब्द वाचायला देतात. त्यातले २० निरर्थक असतात. पालकांना हा चक्रमपणा वाटतो, पण जो शब्द अस्तित्वातच नाही तो पाठ करून कुठून येणार?