घर बांधायचं बजेट आणि बँकेकडून येणारे कर्जाचे हप्ते : काम चालू करण्याआधी एवढं वाचाच

आम्ही घरं बांधून देणारे कॉन्ट्रॅक्टर. आमच्याकडे येणारे बरेचसे लोक ठाणे, कळवा, ऐरोली भागात फ्लॅटमध्ये राहणारे, बदलापूर नाहीतर मुरबाड, शहापूरकडे कधीतरी एनए (बिगरशेती) प्लॉट घेऊन ठेवलेला आणि आता रिटायरमेंट जवळ आली म्हणून त्यावर घर बांधायचंय. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला, स्क्वेअर फुटाला काय रेट घेता?

रेट सांगतो आम्ही, लपवण्यासारखं काही नाही. पण आधी तुम्ही सांगा कुठला स्क्वेअर फूट, कार्पेट (भिंतींच्या आतला), बिल्टअप (भिंती धरून) की स्लॅबचा? जिना, ओटा, गच्चीवरची जिन्याची केबिन धरली की नाही? कंपाउंड, बोअरवेल, सेप्टिक टँक, जमिनीखालची टाकी, गेट, लाइटचं मीटर हे रेटमध्ये आहे का? समोरच्याचा रेट आमच्यापेक्षा कमी दिसतो तेव्हा बहुतेक वेळा यातल्या तीन-चार गोष्टी त्यात नसतात आणि त्या नंतर 'एक्स्ट्रा' म्हणून येतात. आमचं कोटेशन चार पानांचं असतं म्हणून लोक वैतागतात, पण त्यात सळई कुठल्या ग्रेडची, टाइल्स किती रुपये फुटापर्यंतच्या, दरवाजे कसले हे सगळं लिहिलेलं असतं. शेजारचं कोटेशन घेऊन या, दोन्ही समोरासमोर ठेवून बघू, त्याचे पैसे लागत नाहीत.

असो. रेटवरून कोणाचं काम अडत नाही, अडतं ते पैसे कुठल्या क्रमाने येतात हे न समजल्यामुळे. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच काढलंय.

प्लॉटवर बांधकामाला बँक कर्ज देते ते एकरकमी देत नाही. आधी तुमचा स्वतःचा वाटा साइटवर लागलेला दिसला पाहिजे, मग त्यांचा इंजिनियर येऊन बघणार काम कुठपर्यंत आलंय, आणि जेवढं झालंय त्या हिशोबाने हप्ता सुटणार. म्हणजे बँकेचे पैसे स्लॅब टाकायला येत नाहीत, स्लॅब टाकून झाल्यावर येतात. व्हिजिट, रिपोर्ट, ब्रांचची सही यात आठवडा-पंधरवडा सहज जातो. हा मधला खड्डा कोणीतरी भरायचा असतो, आणि निम्म्या लोकांना वाटतं तो कॉन्ट्रॅक्टर भरतो.

आता आकडे बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के मिळू शकतं. ही कमाल मर्यादा आहे, तुमची बँक तुमचा पगार बघून कमीच देईल. समजा बांधकामाचं एस्टिमेट ४० लाख, तर बँकेचे फार तर ३२ आणि तुमचे ८. आणि हे ८ लाख पहिल्यांदा लागतात, शेवटी नाही.

नेमकी इथेच चूक होते. बदलापूरच्या एका साइटवर घरमालकांनी त्यांच्या वाट्यातूनच आधी कंपाउंड बांधून घेतलं, मोठं स्लाइडिंग गेट बसवलं, वर मॉड्युलर किचनला अ‍ॅडव्हान्स दिला कारण सेल चालू होता. बँकेच्या एस्टिमेटमध्ये यातलं काहीच नव्हतं. मे महिन्यात पहिल्या स्लॅबची सळई बांधून तयार, सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा) उभं, आणि बँक म्हणते तुमचा वाटा अजून पूर्ण दिसत नाही. सेंट्रिंगच्या प्लेटा-टेकूंचं भाडं रोजचं चालूच, टोळी आठवडाभर थांबली आणि दुसऱ्या साइटवर निघून गेली, तेवढ्यात पाऊस. सळईवर गंज चढला, तो पुढे तारेच्या ब्रशने साफ करत बसावं लागलं, त्याची मजुरी वेगळी. गेट मात्र झकास होतं.

म्हणून सांगतो, गेट, किचन, फर्निचर हे बँकेचा शेवटचा हप्ता दिसायला लागल्यावर. बोअरवेल आधी लागतेच, पाण्याशिवाय क्युरिंग (काँक्रीटवर पाणी मारणं) कसं करणार, पण तिचे पैसे तुमच्या वाट्यात धरू नका, वेगळे ठेवा. कंपाउंड लोनमध्ये बसवायचं असेल तर ते एस्टिमेट सबमिट करतानाच त्यात घाला, नंतर बँक ऐकत नाही. आणि स्वतःच्या वाट्याशिवाय एका स्टेजचे (पाया, स्लॅब असा कामाचा एक टप्पा) पैसे हाताशी ठेवा, एफडी मोडा, क्रेडिट सोसायटीतून घ्या, तुमचं तुम्ही बघा, पण ठेवा.

आता आम्ही प्रत्येक स्टेजचे पैसे स्टेज चालू होण्याआधी का मागतो ते पण सांगतो, कारण यावरून वाद होतात. सळई आणि सिमेंट आम्हाला उधारीवर मिळत नाही, मिळालं तरी महाग पडतं आणि तो भार शेवटी तुमच्यावरच येतो. कॉन्ट्रॅक्टर पैसे घेऊन गायब होईल ही भीती आम्हाला कळते, तसे प्रकार होतात. म्हणून आम्ही अख्ख्या घराचा अ‍ॅडव्हान्स घेत नाही, फक्त पुढच्या स्टेजचा घेतो, मालाचं चलन त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि शेवटचे ५ टक्के चावी दिल्यावर घेतो.

जीएसटीबद्दल सारखं विचारतात. मालासकट कॉन्ट्रॅक्टला १८ टक्के आहे. स्वतःच्या एकट्या घराचं नुसतं मजुरीचं कॉन्ट्रॅक्ट दिलं तर त्यावर जीएसटी नाही, पण मग माल तुम्ही आणायचा, रेतीचे ब्रास (रेती मोजायचं माप) तुम्ही मोजायचे आणि सिमेंटच्या गोणीही तुम्हीच सांभाळायच्या. आठवड्यातून तीन दिवस साइटवर जाता येत असेल तर जरूर करा, आम्ही तशीही कामं घेतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ झाला मग तुमचा रेट तेवढा का नाही उतरला असंही ऐकावं लागतं, तर मालासकट कामात त्या टॅक्सची वजावट आम्हाला आधीही मिळत होती, त्यामुळे आमच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. माल स्वतः आणणाऱ्याला मात्र पडतो.

अजून एक खर्च बजेटमध्ये कोणीच धरत नाही. बांधकाम चालू असताना जेवढी रक्कम बँकेने सोडली त्यावर नुसतं व्याज भरावं लागतं, त्याला प्री-ईएमआय म्हणतात. २० लाख सुटलेत आणि व्याज साडेआठ टक्के, तर महिन्याला १४ हजारांच्या आसपास. भाड्याने राहत असाल तर भाडं अधिक हे. काम जितकं रेंगाळेल तितके महिने हे चालू.

चालू करायला दसऱ्यानंतरचा काळ उत्तम, म्हणजे पावसाच्या आत स्लॅब पडून जातो. त्यासाठी लोनची फाइल गणपतीच्या आधी बँकेत गेलेली बरी. मंजूर नकाशा नसेल तर बँकेत जाऊच नका, आधी त्याचं बघू.

बँकेला लागतं तसं स्टेजप्रमाणे एस्टिमेट आमचे इंजिनियर करून देतात, आमच्याकडे काम दिलं तर त्याचा चार्ज नाही, नुसतं एस्टिमेट हवं असेल तर फी आहे आणि पुढे काम आम्हाला मिळालं तर ती वळती करतो. येताना सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए ऑर्डर, नकाशा आणि बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आलं असेल तर ते आणा. सकाळी आम्ही साइटवर असतो, ऑफिसमध्ये संध्याकाळी सहानंतर भेटतो, आणि शक्यतो घरातले दोघंही या, किचनचं काय ते तेव्हाच ठरू दे.