तद्विद्यसंभाषा

एकाच शास्त्राच्या जाणकारांनी त्या शास्त्रातील प्रश्नावर ठरलेल्या मर्यादा पाळून परस्परांशी केलेली चर्चा. ही संज्ञा मुख्यतः आयुर्वेदात रूढ असून तिचे सर्वांत विस्तृत विवेचन चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागातील ‘रोगभिषग्जितीय’ या आठव्या अध्यायात आढळते. शास्त्र आत्मसात करण्याचे तीन उपाय तेथे सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. वैद्याने वैद्याशी बोलावे, असे स्पष्ट विधान करून ग्रंथकार या चर्चेचे लाभ मोजतो. तिने ज्ञानाची ओढ वाढते, वाणीला बळ येते, पूर्वी ऐकलेल्यातील शंका फिटते, न ऐकलेले कानी पडते. यापुढचे निरीक्षण अधिक मार्मिक आहे. गुरू प्रसन्न झाल्यावर शिष्याला जे गूढ क्रमाक्रमाने सांगतो, ते जिंकण्याच्या ईर्षेने बोलणारा समव्यावसायिक भरात एकदम सांगून टाकतो.

प्रकार : संभाषा दोन प्रकारची मानली आहे. मैत्रभावाने होते ती संधायसंभाषा (अनुलोमसंभाषा) आणि विरोधभावाने होते ती विगृह्यसंभाषा. पहिलीसाठी सहचर्चक कसा असावा, हे आधी ठरवले आहे. तो ज्ञानी व उत्तर देण्यास समर्थ असावा. रागीट व मत्सरी नसावा. त्याची विद्या सदोष नसावी. समजूत घालता येणारा आणि घालू जाणणारा, कष्ट सोसणारा व गोड बोलणारा असावा. अशा माणसाशी बोलताना मोकळेपणाने विचारावे व मोकळेपणाने सांगावे. हरण्याच्या भीतीने कचरू नये. त्याला निरुत्तर केल्यावर हर्ष मानू नये, इतरांत फुशारकी मारू नये, अज्ञानाने एकच बाजू धरून बसू नये आणि आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टीचे वर्णन करू नये. शेवटचे दोन निषेध विशेष महत्त्वाचे आहेत, कारण त्यांचा भंग ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही. तो बोलणाऱ्यानेच टाळायचा असतो.

विगृह्यसंभाषेपूर्वी तीन गोष्टी पारखायच्या : आपले बळ, प्रतिपक्षाचे बळ आणि परिषद. श्रुत, विज्ञान, धारणा, प्रतिभा आणि वचनशक्ती हे वक्त्याचे गुण. राग, अकुशलता, भित्रेपणा, विस्मरण आणि अनवधान हे दोष. त्यांच्या तुलनेने प्रतिपक्षी प्रवर (श्रेष्ठ), प्रत्यवर (कनिष्ठ) किंवा सम ठरतो. परिषद ज्ञानवती किंवा मूढ असते आणि प्रत्येकीचे सुहृद, उदासीन व प्रतिनिविष्ट (पूर्वग्रहाने विरोधी) असे तीन भेद होतात. प्रतिनिविष्ट परिषदेत, ती ज्ञानी असो वा मूढ, कोणाशीही वादच करू नये, असा नियम आहे.

यानंतर येणारा भाग वाचकाला अडखळवतो. कनिष्ठ प्रतिपक्षाला झटपट निरुत्तर करण्याचे उपाय तेथे दिले आहेत. ज्याचे पाठांतर तोकडे त्याच्यापुढे लांबलचक सूत्रपाठ म्हणावा, ज्याची धारणा कमी त्याच्यापुढे लांब, गुंतागुंतीची वाक्ये टाकावीत, रागीट माणसाला आणखी डिवचावे, भित्र्याला घाबरवावे. वाद सुरू होण्यापूर्वी परिषदेशी संधान बांधून आपल्याला सोयीचा विषय तिच्याकरवी सुचवून घ्यावा, आणि सभेत मात्र ‘विषय व मर्यादा परिषदच ठरवील’ असे म्हणून गप्प बसावे, असाही सल्ला आहे. संधायसंभाषेचे औदार्य आणि हे डावपेच एकाच अध्यायात कसे, हा प्रश्न रास्त आहे. मूळ संदर्भ पाहता डावपेचांचे क्षेत्र मर्यादित दिसते. ते प्रत्यवरासाठीच सांगितले आहेत आणि त्यांना लागूनच येणारे श्लोक त्यांना लगाम घालतात : युक्तीने बोलावे, पण प्रतिपक्षाचे योग्य म्हणणे नाकारू नये, विरोधी वादातून तीव्र वैर उपजते, रागावलेल्याला न करण्याजोगे किंवा न बोलण्याजोगे काही उरत नाही, सज्जनांच्या सभेतील कलह जाणत्यांना रुचत नाही. सूत्रस्थान या पहिल्या विभागाच्या तिसाव्या अध्यायातही सदाचारी वैद्याशी, तो अल्पश्रुत असला तरी, विग्रह करू नये असे बजावले आहे. तंत्र, स्थान, अध्याय, प्रश्न आणि या प्रत्येकाचा अर्थ असे आठ प्रश्न विचारून निरुत्तर करायचे ते स्वतःला अधिकारी समजणाऱ्या इतरांना. एकंदरीत संहितेचा रोख भोंदू वैद्याला उघडे पाडण्याकडे आहे, आणि तो गृहीत धरला तरच हे डावपेच सुसंगत ठरतात.

वादमर्यादा व दोष : वादमर्यादा तीन गोष्टींनी ठरते : काय बोलायचे, काय बोलायचे नाही आणि काय घडले असता हार मानायची. त्यासाठी ४४ पदे दिली आहेत. ‘वाद’पासून त्यांचा आरंभ होतो आणि ‘निग्रहस्थाना’ने (हार ठरवणाऱ्या चुकीने) शेवट. पक्षाची मांडणी प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), दृष्टान्त (उदाहरण), उपनय (दृष्टान्त प्रस्तुत विषयाला लावणे) व निगमन (निष्कर्ष) या पाच पायऱ्यांनी करायची. ‘पुरुष (जीव) नित्य आहे, कारण तो निर्माण केलेला नाही, जसे आकाश’ ही स्थापना, तर ‘पुरुष अनित्य आहे, कारण तो इंद्रियगम्य आहे, जसा घट’ ही प्रतिष्ठापना (विरोधी मांडणी).

वाक्यदोष पाच : न्यून, अधिक, अनर्थक (निरर्थक अक्षरे), अपार्थक (परस्परांशी न जुळणारे शब्द) व विरुद्ध. पाच पायऱ्यांपैकी एखादी गाळली की वाक्य न्यून होते. आयुर्वेदाची चर्चा चालू असताना बृहस्पती किंवा उशना (शुक्राचार्य) यांच्या शास्त्रातील असंबद्ध मजकूर घुसडणे हा ‘अधिक’ दोष; तीच गोष्ट भेषज, औषध, साधन अशा निरनिराळ्या शब्दांत पुन्हा सांगणे हाही त्यातच मोडतो. याखेरीज वादातील इतर चुकाही सांगितल्या आहेत. ज्वराची लक्षणे विचारली असता प्रमेहाची सांगणे म्हणजे अर्थान्तर. दबावाखाली आपली प्रतिज्ञा सोडणे म्हणजे प्रतिज्ञाहानी. ‘हा वैद्य नवतंत्र आहे’, म्हणजे नव्याने शास्त्र शिकलेला आहे, असे म्हटल्यावर ‘मी नऊ तंत्रांचा नाही, एकाच तंत्राचा आहे’ असे उत्तर देणे हे वाक्छल. जाणत्या परिषदेत तीनदा सांगूनही जे वाक्य कळले नाही, तेथे न कळणाऱ्याची हार होते. वैद्यांचा वाद आयुर्वेदापुरताच चालावा आणि प्रत्येक विधान सहेतुक असावे, हा सर्वसाधारण नियम होय.

उगम व कालनिर्णय : या भागाचा न्यायदर्शनाशी (तर्कप्रधान भारतीय दर्शनाशी) काय संबंध, याबद्दल मतभेद आहेत. न्यायसूत्रांत वाद, जल्प (जिंकण्यासाठी आपला पक्ष मांडून केलेला वाद) व वितंडा (स्वतःचा पक्ष न मांडता केलेले खंडन) हे तीन स्वतंत्र पदार्थ (विचारविषय) आहेत आणि वाद हा तत्त्वजिज्ञासूंचा मानला आहे. चरकसंहितेत मात्र वाद ही विगृह्यसंभाषाच असून जल्प व वितंडा हे तिचे पोटभेद आहेत. म्हणून न्यायातील वादाच्या जागी येथे संधायसंभाषा ठेवावी लागते. छलाचे येथे दोन, न्यायसूत्रांत तीन प्रकार आहेत. सतीशचंद्र विद्याभूषण (१९२१) यांच्या मते हा भाग मेधातिथी गौतमाच्या आन्वीक्षिकीवरून (तर्कविद्येवरून) घेतला असावा. सुरेंद्रनाथ दासगुप्त यांनी उलट दिशा सुचवली : वादशास्त्राची वाढ मुळात वैद्यांच्या चर्चांतून झाली आणि न्यायाने ती उचलली.

दोन्ही मतांना ग्रंथातील पुरावा अंशतःच साथ देतो. जल्पाचे उदाहरण पुनर्जन्मावरचे आहे आणि स्थापनेचे पुरुषाच्या नित्यत्वावरचे. रोगाशी त्यांचा संबंध नाही. याउलट वाक्छल, अधिक व अर्थान्तर यांची उदाहरणे वैद्यकातलीच आहेत. द्रव्य, गुण, कर्म इत्यादी सहा पदांची लक्षणे ‘श्लोकस्थानात (सूत्रस्थानात) पूर्वीच सांगितली’ असे म्हणून येथे गाळली आहेत; म्हणजे ही यादी संहितेत बसवताना संस्कर्त्याची (ग्रंथाला नवे रूप देणाऱ्याची) नजर संपूर्ण ग्रंथावर होती. तेव्हा आधीपासून प्रचारात असलेली वादविषयक मांडणी घेऊन ती वैद्यांसाठी जुळवून घेतली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इ. स. ४७२ मध्ये चिनी भाषेत अनुवादित झालेल्या ‘उपायहृदय’ या बौद्ध ग्रंथातही मिळतीजुळती परिभाषा आहे; जुझेप्पे तुच्ची यांनी त्याचे संस्कृत रूपांतर बडोद्याहून १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरून अशी मांडणी एकाच संप्रदायाची नव्हती, हे दिसते. चरकाच्या संस्करणाचा काळ साधारणपणे इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक या दरम्यान धरतात. संहितेचा अपुरा भाग पुढे दृढबल या संस्कर्त्याने पूर्ण केला; त्याने पूर्ण केलेल्या भागात विमानस्थान येत नाही, त्यामुळे हा अध्याय त्याच्या आधीचा मानण्यास हरकत नाही.

पाली ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात नागसेन हा भिक्षू पंडितांचा वाद आणि राजांचा वाद यांत भेद करतो. पंडितांच्या वादात गुंतवणे, उकलणे, निग्रह व प्रतिकार सारे होते, तरी पंडित रागावत नाहीत. राजे आपल्या मताविरुद्ध बोलणाऱ्याला दंड करतात. संधायसंभाषेतील ‘अकोपन’ (न रागावणारा) या अपेक्षेशी हे जुळते.

संहितेतील उदाहरणे : सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात काशिपती वामक विचारतो : पुरुष ज्यापासून उत्पन्न होतो त्यापासूनच रोगही होतात काय? पारीक्षी मौद्गल्य, शरलोमा, वार्योविद, हिरण्याक्ष, भद्रकाप्य, कांकायन आदी ऋषी एकेक कारण पुढे करतात. तेव्हा संहितेतील मुख्य आचार्य पुनर्वसू आत्रेय त्यांना थांबवतो : पक्ष धरून बसल्यास तत्त्व सापडत नाही, वाद-प्रतिवाद निश्चित सत्य असल्यासारखे बोलणारे घाण्याभोवती फिरणाऱ्या तेल्याप्रमाणे शेवटाला पोचत नाहीत. सव्विसाव्या अध्यायात, चैत्ररथ वनात, रसांच्या (चवींच्या) संख्येवर चर्चा होते. एकापासून असंख्यापर्यंत मते येतात आणि आत्रेय सहा रस ठरवतो. दोन्हीकडे आधी सर्व मते ऐकून घेतली आहेत आणि निर्णय शेवटी दिला आहे.

अन्य ग्रंथ व आधुनिक काळ : सुश्रुतसंहितेत वादाची अशी मांडणी नाही, एकच शास्त्र शिकणाऱ्याला शास्त्रनिश्चय होत नाही, म्हणून वैद्याने बहुश्रुत व्हावे, एवढे तेथे म्हटले आहे. चक्रपाणिदत्ताच्या ‘आयुर्वेददीपिका’ टीकेसह यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली व मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने १९४१ मध्ये छापलेली चरकसंहितेची आवृत्ती अभ्यासक आजही वापरतात. आयुर्वेद महाविद्यालयांच्या चर्चासत्रांना ‘संभाषा’ हे नाव दिले जाते. भारतीय वैद्यकाच्या (आयुर्वेद आदींच्या) व्यावसायिकांसाठी आचारसंहिता १९८२ मध्ये विनियमांच्या रूपाने आली. आधुनिक वैद्यकासाठीच्या २००२ च्या भारतीय विनियमांत सल्लामसलतीच्या वेळी अप्रामाणिकपणा, चढाओढ व मत्सर यांना मनाई आहे आणि मूळ डॉक्टरवरील रुग्णाचा विश्वास डळमळेल असे बोलू नये, असे सांगितले आहे.